मिनिटभरात टिपलेला माणूस

रेल्वेच्या फलाटावर, एसटी स्टँडच्या बाकावर किंवा मंडईच्या कोपऱ्यात वही उघडून बसलेला कलाविद्यार्थी आपण कधी ना कधी पाहिलेला असतो. त्याच्या वहीत डोकावण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. कागदावर असतात जेमतेम दहा-बारा रेषा. नाक-डोळे नाहीत, साडीचे काठ नाहीत. तरीही आपण चटकन म्हणतो, 'अरे, ही तर समोरची भाजीवाली!'

ही किमया होते तरी कशी? समोरचा माणूस आता उठेल, गाडी आली की गर्दी हलेल. चित्रकाराच्या हाती फार तर मिनिटभर असते. त्यामुळे तो चेहऱ्याच्या मागे लागत नाही. पाठीचा कणा कुठे वाकला, शरीराचा भार कोणत्या पायावर आला, कडेवरच्या मुलाने खांदा किती कलला, एवढेच तो टिपतो. ओळखीचा माणूस लांबून येताना चेहरा दिसण्याआधीच आपण त्याला चालीवरून ओळखतो. या रेखाटनाचे बळही तेच. उरलेले चित्र पाहणाराच मनात पुरे करतो, म्हणून ते आपलेसे वाटते.

फ्रेंच शिल्पकार रोदँ (१८४०–१९१७) मॉडेलना स्टुडिओत मोकळेपणी वावरू देई आणि कागदाकडे न पाहताच पेन्सिल चालवी. नजर माणसावरून हटू नये, हा त्याचा आग्रह. आपल्याकडे चित्तप्रसाद यांनी १९४३च्या बंगालच्या दुष्काळात मेदिनीपूर जिल्ह्यात फिरून भुकेली माणसे रेखाटली. 'हंग्री बेंगॉल' ही त्यांची पुस्तिका ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केली. मोजक्या रेषांनीही सत्तेला अस्वस्थ केले होते!

आपल्या घरात मात्र मुलाच्या हाती पेन्सिलीबरोबर खोडरबर येतो आणि पाठोपाठ सूचना येते, 'नीट काढ, स्वच्छ काढ.' मग मूल माणसाकडे न पाहता पुस्तकातल्या चित्राकडे पाहू लागते. या रविवारी रबर जरा बाजूला ठेवून पाहा. आजी तांदूळ निवडत बसली असेल, तर तिच्यासमोर मुलाला वही देऊन बसवा. चित्र बिघडले तर बिघडू द्या. पण रोज डोळ्यांसमोर वावरणारी आजी उठताना कोणत्या गुडघ्यावर हात टेकते, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसेल.