न मोजलेला तास

अंजनगाव सुर्जीच्या शिवारात कापसाची वेचणी किलोवर चालते. सकाळी गावातून निघून वावरापर्यंत चालत जायचं, ओटी बांधायची, बोंडाबोंडातून कापूस काढायचा आणि दिवस कलला की गाठोडी धुऱ्यावर आणून काट्याला लावायची. मजुरी ठरते ती काट्यावरच्या आकड्यानं. जाण्यायेण्याचा वेळ, दव उतरेपर्यंतचं थांबणं, काट्यापाशी आपली पाळी येईपर्यंतचं ताटकळणं हे सारं त्या आकड्यात आलंच असं मानायची रीत आहे. प्रत्यक्षात ते कुठेच आलेलं नसतं. वऱ्हाडातल्या माणसाला हा हिशेब नवा नाही. म्हणूनच विमानातल्या केबिन क्रूच्या कमाईची रीत त्याला लवकर कळेल. तिथेही एक काटा आहे, तो तासांचा. निघताना विमानाच्या चाकांपुढचे ठोकळे काढले की तो सुरू होतो आणि पोहोचल्यावर ठोकळे परत लागले की थांबतो. याला ब्लॉक तास म्हणतात. उत्तर अमेरिकेतल्या कंपन्यांत क्रूची बहुतेक कमाई याच तासांवर ठरत आली. आपल्याकडे ठरावीक वेतन असतं, पण हाती पडणाऱ्या रकमेतला मोठा वाटा उड्डाणभत्त्याचा आणि तो भत्ताही तासांवरच.

आता या काट्याबाहेर काय राहतं ते पाहू. उड्डाणाआधी क्रू एकत्र जमतो, कोण कुठल्या दरवाजाशी हे ठरतं, सुरक्षेचे प्रश्न विचारले जातात. विमानात शिरल्यावर प्रत्येकजण आपल्या वाट्याची तपासणी करतो: ऑक्सिजनच्या बाटल्यांतला दाब, अग्निशामक, जीवरक्षक जाकिटं, दरवाजातल्या घसरगुंडीच्या दाबाचा काटा, स्वच्छतागृहातला धूर ओळखणारा यंत्रभाग. मग प्रवासी चढू लागतात. आपल्या नियमानुसार पन्नास आसनांमागे किमान एक क्रू लागतो. एकशेऐंशी आसनांच्या एअरबसमध्ये म्हणजे चौघं. वीस-पंचवीस मिनिटांत ही चार माणसं पावणेदोनशे जणांना बसवतात, बॅगा वर सरकवतात, आणीबाणीच्या दाराशी बसलेल्याला ते दार उघडता येईल का हे नजरेनं जोखतात, कोण प्यालेला आहे, कोण आजारी आहे, कोण घाबरलेला आहे याची मनात नोंद घेतात. विमान ज्या कारणासाठी क्रूशिवाय उडूच शकत नाही, ते कारण या मिनिटांत आहे; चहा-सँडविच नंतरचं. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा धावपट्टीवर जपान एअरलाइन्सचं विमान दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं आणि आतले सर्व ३७९ जण जिवंत बाहेर आले. आगीपासून दूरची दारं निवडून लोकांना बाहेर काढणाऱ्या केबिन क्रूचं कौशल्य अशाच न मोजलेल्या तपासण्यांत आणि सरावांत मुरलेलं असतं.

एअर कॅनडाच्या दहा हजारांहून अधिक केबिन कर्मचाऱ्यांनी १६ ऑगस्ट २०२५ रोजी काम थांबवलं ते मुख्यतः याच मिनिटांसाठी. पगारवाढ हवी होतीच, पण घोषणा होती ती जमिनीवरच्या विनामोबदला कामाविरुद्ध. सरकारनं काही तासांतच कामगार कायद्याचं कलम वापरून त्यांना परत जाण्याचा आदेश काढला. संघटनेनं तो मानला नाही. १९ ऑगस्टला तडजोड झाली आणि जमिनीवरच्या ठरावीक मिनिटांना तासाच्या दराच्या निम्म्यापासून सुरू होणारा मोबदला मान्य झाला. तोवर तीन हजारांहून अधिक उड्डाणं रद्द झाली होती, पाच लाखांवर प्रवाशांना झळ बसली होती आणि कंपनीनं परिचालन नफ्याला बसलेल्या फटक्याचा अंदाज ३७.५ कोटी कॅनेडियन डॉलर दिला. अर्थविषयक पानांवर बातमी आली ती या आकड्याची. आकडा खरा आहे. त्यावरून काढलं जाणारं अनुमान, की क्रूनं भागधारकांचे ३७.५ कोटी बुडवले, ते मात्र तपासून घ्यायला हवं. कारण त्याच वर्षी, संपाच्या काही आठवडे आधी, याच कंपनीनं ५० कोटी डॉलर खर्चून स्वतःचेच शेअर बाजारातून परत घेतले होते. पैसा नव्हता असं नाही. तो कुठे घालायचा याची निवड झाली होती, आणि तीन दिवसांचा संप हे त्या निवडीचंच पुढचं पान होतं.

हा भागधारक आपल्यापासून लांबचा कुणीतरी आहे, असं समजून हे वाचू नये. ३० सप्टेंबर २०२५ पासून इंडिगो चालवणारी इंटरग्लोब एव्हिएशन निफ्टी ५० मध्ये आहे. अंजनगावातला एखादा शिक्षक, पानमळ्याच्या उत्पन्नातून थोडी शिल्लक टाकणारा बागायतदार किंवा बसस्थानकाजवळचा दुकानदार निफ्टीच्या इंडेक्स फंडात महिन्याला एसआयपी भरत असेल, तर तो, आयुष्यात कधी विमानात बसला नसला तरी, त्या कंपनीचा कणभर मालक आहे. तेव्हा केबिन क्रूच्या संपानं भागधारकाचं काय होतं हा त्याचाही प्रश्न आहे. माझं म्हणणं असं, की त्याचं मोठं नुकसान संपानं होत नाही. ते आधीच झालेलं असतं, न मोजलेल्या तासांत आणि ताणून धरलेल्या मनुष्यबळात साठत गेलेलं असतं, फक्त ताळेबंदात ते काटकसर म्हणून दिसतं.

पुरावा म्हणून जेट एअरवेजकडे पाहावं. २००५ मध्ये या मुंबईच्या कंपनीचा शेअर लोकांनी ११०० रुपयांना घेतला. २००७ मध्ये कंपनीनं एअर सहारा १४५० कोटींना विकत घेतली. ऑक्टोबर २००८ मध्ये सुमारे १९०० कर्मचाऱ्यांना, त्यात बहुसंख्य केबिन क्रूची तरुण मुलं-मुली, एका फटक्यात काढलं गेलं आणि गणवेशातल्या त्या मुलांचा आक्रोश देशानं टीव्हीवर पाहिल्यावर दोनच दिवसांत परत घेतलं गेलं. सप्टेंबर २००९ मध्ये वैमानिकांनी, संघटना बांधणाऱ्या दोन सहकाऱ्यांना काढल्याच्या निषेधार्थ, पाच दिवस आजारपणाची रजा टाकली. कंपनी त्यातून सावरली आणि पुढे दहा वर्षं उडत राहिली. २०१३ मध्ये एतिहादनं २४ टक्के हिस्सा सुमारे २०५८ कोटींना घेतला. मग २०१९ उजाडलं. वैमानिक आणि अभियंत्यांचे पगार महिनोन्महिने थकले, नंतर बाकीच्यांचेही. वैमानिकांच्या संघटनेनं काम बंद करण्याची तारीख १ एप्रिल ठरवली, ती १५ एप्रिलवर ढकलली, मग तीही पुढे ढकलली, कारण कंपनी जगावी असं त्यांनाच वाटत होतं. १७ एप्रिलला बँकांनी तातडीची रक्कम नाकारली आणि त्या रात्री शेवटचं विमान उडालं. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कंपनी अवसायनात काढायला सांगितलं. दिवाळखोरी कायद्यात देणी वाटण्याचा क्रम आहे, त्यात सामान्य भागधारक अगदी शेवटी. ज्या एका वेळी जेटच्या भागधारकाचं सर्वस्व गेलं, त्या वेळी कुणीही संपावर नव्हतं. माणसं बिनपगारी कामावर होती.

दुसरा पुरावा ताजा आहे. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास करणारे आणि रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा घालणारे नियम आधीपासून जाहीर होते. त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोकडे उडवायला माणसंच पुरेनात. ५ डिसेंबर या एकाच दिवशी हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली, ८ डिसेंबरला शेअर एका दिवसात आठ टक्क्यांच्या आसपास पडला, आणि पुढे हवाई वाहतूक महासंचालनालयानं दंड करताना कारभार अतिरेकी ताणून धरल्यावर, हाताशी राखीव मनुष्यबळ न ठेवल्यावर बोट ठेवलं. हे वैमानिकांचं प्रकरण, केबिन क्रूचं नव्हे, हे मान्य. पण २ जुलै २०२२ चा शनिवार केबिन क्रूचाच होता: मोठ्या संख्येनं क्रू आजारी म्हणून घरी राहिला, बातम्यांनुसार त्यांतले पुष्कळजण एअर इंडियाच्या भरतीला गेले होते, आणि इंडिगोची ५५ टक्के देशांतर्गत उड्डाणं उशिरानं सुटली. कोविडकाळात कापलेला पगार तोवर पूर्ववत झाला नव्हता. दोन्ही वेळी संपाची नोटीस नव्हती, मोर्चा नव्हता, मागण्यांचा कागद नव्हता. तरी विमानं जमिनीवर होती.

याला पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो आणि तो हलका नाही. विमान कंपन्यांचा नफा फार पातळ असतो. २०२५ साठी त्यांच्या जागतिक संघटनेनं, आयाटानं, वर्तवलेला निव्वळ नफा प्रवाशामागे सात डॉलरच्या आसपास होता. जमिनीवरच्या प्रत्येक मिनिटाचे पैसे द्यायचे तर हे सात कुठून उरणार? यावर डेल्टाचं उदाहरण पुरेसं आहे. या अमेरिकी कंपनीत केबिन क्रूची संघटना नाही, संप झालेला नाही. तरी तिनं जून २०२२ पासून प्रवासी चढण्याच्या वेळेला निम्म्या दरानं मोबदला द्यायला सुरुवात केली, आणि ती आजही त्या देशातल्या सर्वांत नफेशीर कंपन्यांपैकी एक आहे. पातळ नफ्याच्या धंद्यात माणसांवरची काटकसर सर्वांत सोपी वाटते, कारण इंधनाचा भाव आणि विमानांचं भाडं आपल्या हातात नसतं. पण ज्या मालमत्तेतून उत्पन्न यायचं तिलाच उपाशी ठेवलं की काय होतं हे अंजनगावला कुणी शिकवायला नको. मुर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी शकुंतला ही रेल्वेगाडी याच गावावरून जात असे. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी या रुळांची मालकी किलिक निक्सनच्या व्यवस्थापनाखालच्या खासगी कंपनीकडे राहिली. गाडी चालवायची मध्य रेल्वेनं, मोबदला जायचा मालक कंपनीकडे, आणि रुळांत पैसा घालायला कुणी तयार नाही. गाडीचा वेग सायकलच्या वेगाला आला आणि शेवटी ती थांबली. तिथे कुणाच्या संपानं भागधारकाचं नुकसान झालं नव्हतं.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. भागधारक राहू द्या, प्रवाशाचं काय? एसटीचा संप अंजनगाव परिसरानं भोगला आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस राज्य शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी सुरू झालेलं ते आंदोलन उच्च न्यायालयानं २२ एप्रिल २०२२ पर्यंत रुजू होण्यास सांगेपर्यंत लांबलं. दर्यापूर, अकोट, परतवाड्याकडे शिकायला जाणाऱ्या खेड्यांतल्या मुलींचा मोफत पास हातात होता, पण गाडी नव्हती. कोविडनंतर शाळा नुकत्या उघडल्या होत्या आणि काळीपिवळीचं भाडं रोज कुठून आणायचं हा प्रश्न होता. ज्या मुलींचं शिक्षण त्या वर्षी सुटलं त्यांना वाहकाच्या न मोजलेल्या तासांचं गणित सांगून उपयोग नाही, आणि मी ते सांगणारही नाही. वाहकाचे तास खरोखरच मोजले जात नव्हते: मुक्कामी गाडीवरची रात्र, फाट्यावर बिघडलेल्या गाडीपाशी घालवलेले तास, ड्युटी संपल्यावर कॅश भरण्यासाठीची रांग, हे सगळं होतं आणि पगार वेळेवर नव्हता. पण एअर कॅनडाचा संप तीन दिवसांत मिटला आणि एसटीचा साडेपाच महिने का चालला, याचं उत्तर मला या आक्षेपातच सापडतं. विमान कंपनीत रोजचं नुकसान कुणाच्या तरी वहीत लिहिलं जात होतं. शेअरचा भाव रोज संध्याकाळी सांगत होता की आज किती गेलं. एसटी महामंडळाचा शेअर बाजारात नाही. तिथे बुडत होती ती शाळेची हजेरी, दवाखान्याची तारीख, बाजाराचा वार. त्यांचा रोजचा भाव कुठे लागत नसल्यानं मिटवण्याची घाई कुणाला नव्हती. भागधारकाचं नुकसान मोजलं जातं म्हणून ते थांबवलं जातं. प्रवाशाचं आणि कामगाराचं मोजलं जात नाही म्हणून ते चालू राहतं.

मे २०२४ मधलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं प्रकरण या दोन्हींच्या मधलं आहे. कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या काळातल्या वागणुकीवर नाराज असलेल्या सीनियर क्रूपैकी दोनशेहून अधिक जण ऐनवेळी आजारी असल्याचं कळवून आले नाहीत, आखातात नोकरीवर परतणारे शेकडो मजूर विमानतळांवर अडकले, कंपनीनं पंचवीस जणांना काढलं आणि ९ मे रोजी दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समझोता होऊन ते पंचवीस परत घेतले गेले. असं खोटं आजारपण मला मान्य नाही. व्हिसाची मुदत संपत आलेल्या मजुराला आदल्या रात्री कळणं हा अन्याय आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत संपासाठी चौदा दिवसांची नोटीस आहे आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून घेतलेली सामूहिक नैमित्तिक रजाही संपच धरली आहे. नोटीस असावी हे बरोबर. पण नोटिशीचे ते चौदा दिवस ऐकून घेण्यासाठी वापरले जातात की बदली माणसं गोळा करण्यासाठी, हे कायदा ठरवत नाही, व्यवस्थापन ठरवतं. आणि व्यवस्थापनाला विचारण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो भागधारकच.

हा अधिकार कागदी नाही. बाजारमूल्यानं पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नमुन्यात व्यवसाय जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. त्यात कायम कर्मचाऱ्यांपैकी वर्षभरात किती टक्के सोडून गेले, किती जण संघटनेचे सभासद आहेत, कामाच्या परिस्थितीबद्दल किती तक्रारी आल्या आणि किती प्रलंबित आहेत हे रकाने असतात. एका विमानामागे क्रूचे किती संच हाताशी आहेत हा रकाना मात्र नाही, आणि माझ्या मते विमान कंपन्यांसाठी तो असायला हवा. डिसेंबर २०२५ मध्ये तो असता तर नफ्याच्या आकड्याहून जास्त काही सांगून गेला असता. म्युच्युअल फंडांना कंपन्यांच्या ठरावांवर मत देणं आता सक्तीचं आहे आणि ते मत कसं दिलं हे त्यांना आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं. अंजनगावातून महिन्याला पाचशे रुपये भरणाऱ्याच्या वतीनंही ते मत पडतं.