उपास, पित्त आणि अ‍ॅनोरेक्सिया

इथे के. आर. पुरमच्या आसपास पीजीत राहून व्हाइटफील्डला नोकरी करणारी आपली बरीच मुलंमुली आहेत. घर सांगलीला, नाशिकला. रोज ताटात काय पडतं ते बघणारं कुणी नाही. गणपतीला मुलगी घरी गेली की आई एकदम दचकते. म्हणून आज अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसाबद्दल बोलू या.

हे नाव लंडनच्या डॉ. विल्यम गल यांनी १८७३ साली रूढ केलं. शब्दाचा अर्थ भूक नसणं. पण भूक बहुतेकदा असते, ती दाबली जाते. हा परदेशी आजार आहे, असंही नाही. बंगळूरच्याच मानसोपचारतज्ज्ञांची एक पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. खाण्यासंबंधीच्या आजाराचा किमान एक तरी रुग्ण पाहिल्याचं त्यातल्या सुमारे दोनतृतीयांश जणांनी सांगितलं होतं.

आपल्याकडे तो लपतो, कारण न खाण्याला सबबी फार. ‘मी जाड आहे’ असं ती म्हणेलच असं नाही. पित्त होतं, पोट जड वाटतं, ऑफिसात खाल्लं. चतुर्थीच्या जोडीला गुरुवार येतो, मग सोमवार. आणि साबुदाण्याची खिचडी मात्र नको! उपासाला आपण किती खातो ते आपल्याला ठाऊक आहे. माझ्या मते ही खूण सगळ्यांत बोलकी. शिवाय सतत थंडी वाजणं, सैल कपडे, पाळी थांबणं, पाठीवर बारीक लव, इतरांना आग्रहानं वाढून स्वतः न जेवणं. मुलग्यांनाही हे होतं. मूळची जाड व्यक्ती झपाट्यानं उतरली की लोक अभिनंदन करतात, पण धोका तिथेही असतो.

डॉक्टरांकडे टॉनिक मागू नका. किती महिन्यांत किती किलो उतरले, पाळी कधी थांबली, हे लिहून न्या. नाडी, झोपून आणि उभं राहून रक्तदाब, ईसीजी, सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट तपासायला सांगा. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे आजार नाही, असं नव्हे. शरीर बराच काळ सांभाळून घेतं.

चक्कर येऊन पडली, छातीत धडधडतंय, नाडी पन्नासच्या खाली आहे, तर शहर ओलांडत बसू नका. जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. आणि फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला घरी एकदम भरपेट जेवू घालू नका. रक्तातलं फॉस्फेट घसरून हृदयावर बेततं. सुरुवातीचं खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवायचं.

जीवाचा धोका टळला की मानसोपचार. होसूर रस्त्यावर निम्हान्स आहेच. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत काही काळ जेवणाची सूत्रं आईवडिलांनी हाती घ्यायची, ही उपचारपद्धती चांगली उपयोगी पडते. म्हणजे पीजी सोडून काही महिने घरी, किंवा आई इकडे. नोकरीचं नंतर बघता येतं.

टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. मुलगी तयार नसेल, तर आधी तुम्ही एकट्यांनी फोन केलात तरी चालतं.