ताईची गोळी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे रेशनच्या अर्जापासून दवाखान्याच्या चिठ्ठीपर्यंत सारे कागद माझ्यापुढे येतात. गेल्या दिवाळीत ताई माहेरपणाला आली. तिच्या रक्ततपासणीच्या कागदावर जो आकडा २ ते ३ असायला हवा, तो १.२ होता. रक्त पातळ करायची गोळी तिने आठवडाभर घेतलीच नव्हती! विचारले तर म्हणाली, "तुझ्या मित्राच्या भावाचेही ठोके चुकतात ना? तो तिशीचा, त्याला ही गोळी नाही. मी सव्वीसची. मग मलाच का?"

प्रश्न रास्त होता. मी पडलो इतिहासाचा विद्यार्थी. तालुक्याच्या डॉक्टरांना विचारून आणि थोडे वाचून जे उमगले, ते येथे मांडतो.

हृदयाचे वरचे कप्पे तालात आकसण्याऐवजी नुसते थरथरू लागले की त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. पाटाचे पाणी कोपऱ्यात तुंबले की शेवाळ धरते. तसे डाव्या कप्प्याच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात रक्त साचते आणि गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायू. वय, रक्तदाब, मधुमेह यांनी हा धोका वाढतो. मित्राच्या भावाला यांतले काहीच नाही, झडपाही धड आहेत. त्याला गोळीचा फायदा थोडा आणि रक्तस्रावाची भीती जास्त.

ताईचे तसे नाही. लहानपणी तिचा घसा धरला, पुढे ताप येऊन गुडघे सुजले. आईने लेप लावले, सूज उतरली, आम्ही विसरलो. तो ऱ्हुमॅटिक ताप होता. त्याने तिची मायट्रल झडप अरुंद केली. झडप अशी बरीच अरुंद झाली आणि ठोकेही चुकू लागले, की डॉक्टर वयाचा हिशेब मांडतच नाहीत. गोळी द्यावीच लागते.

गावात कुणीतरी तिला सांगितले होते, हे तर उंदराचे औषध. गंमत अशी की ते खोटे नाही! अमेरिकेत सडलेले क्लोव्हर गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत. विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातला पदार्थ शोधला. त्याच जातीचे वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांसाठी आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झाले. फरक मात्रेचा, म्हणून तर वरचेवर रक्त तपासायचे. खरे म्हणजे या गोळीने रक्त पातळ होतच नाही. यकृत 'के' जीवनसत्त्वाच्या मदतीने रक्त गोठवणारे घटक बनवते, ते काम ती मंदावते. म्हणून मेथी-पालक सोडायचे नाहीत, पण आज जुडीभर आणि उद्या काहीच नाही, असेही करायचे नाही. अंगदुखीची गोळीसुद्धा मनाने घ्यायची नाही.

तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या का नकोत, हेही मी विचारले, कारण तपासणीला एस.टी.चे भाडे आणि दाजींचा दिवसाचा रोज बुडतो. परंतु २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, २४ देशांतल्या साडेचार हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात अशा झडपेच्या आजारात जुन्याच जातीच्या गोळीवर मृत्यू कमी आढळले.

ताईने गोळी पुन्हा सुरू केली. मागच्या महिन्याचा आकडा २.४ आला. आता तिला मूल हवे आहे, आणि ही गोळी पहिल्या महिन्यांत गर्भाला बाधू शकते. ती बंद न करता आधी डॉक्टरांना विचारायचे, एवढे तिने कबूल केले आहे. पुढच्या खेपेला तो प्रश्न मी चिठ्ठीवर लिहून देणार आहे. तिला विचारायला संकोच वाटतो.