धापा टाकणारा प्रोसेसर

गेल्या मार्चअखेरीस माझ्या बहिणीचा डेस्कटॉप अडून बसला. ती घरी बसून तीन-चार दुकानांचे हिशेब लिहिते. ‘दादा, नवाच घ्यावा लागणार,’ म्हणाली. मी म्हटलं, आधी बघू तर दे.

प्रोसेसरचा वेग विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये दिसतो. काम नसताना तो कमी दिसला तर घाबरू नका. वीज वाचवायला तो आपणहून खाली येतो. बघायचं ते ताण असताना. हिचा प्रोसेसर ३.२ गिगाहर्ट्‌झचा, पण भरपूर काम देताच १.२ वर घसरला. पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा कुणी ५० टक्के करून ठेवली, तरी संगणक असाच रांगतो. इथे ती १०० होती. मग तापमान पाहिलं. ९९ अंश! शंभरीजवळ गेले, की बरेच प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतात.

वायर काढून कॅबिनेट उघडलं. पंख्याखालच्या पात्यांत धुळीची गोधडी, वर उदबत्तीची राख, शेजारीच देवघर! पंखा बोटाने धरून ब्रशने सगळं झाडलं. खालची थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली. कूलरच्या चार खिट्ट्यांपैकी एक निसटली होती, तीच खरी मेख. ती ‘टक्’ वाजेपर्यंत दाबली.

पुन्हा तेच काम दिलं. ६८ अंश, वेग पुरा ३.२.

कॅबिनेट मात्र अजून देवघराशेजारीच आहे. दुसरी जागाच नाही, म्हणते.