शेजारी खोदकाम सुरू झालं, तर आपल्या भिंतीची भरपाई कोण देणार?

जुन्या नाशकात दूधबाजार, भद्रकाली, चौक मंडई या भागांत घराला घर लागून आहे. कित्येक ठिकाणी दोन घरांत भिंत एकच. शेजारचा वाडा पाडून इमारतीचा पाया खोदला की आपल्या भिंतीला तडे जाऊ शकतात. बिल्डर म्हणतो, "घर जुनंच होतं." तडे आधी नव्हते याचा पुरावा नसेल, तर आपण इथेच हरतो.

कायदा काय सांगतो?

१८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार शेजारच्या जमिनीचा आपल्या जमिनीला असलेला नैसर्गिक आधार हा आपला हक्क आहे. घराला मिळणारा आधार २० वर्षे विनाअडथळा, हक्काने घेतला असेल तर तोही हक्क ठरतो. महापालिकेची बांधकाम परवानगी म्हणजे शेजाऱ्याचं घर खिळखिळं करण्याची परवानगी नव्हे.

विम्याची मेख

कंत्राटदाराच्या 'ऑल रिस्क' पॉलिसीत तिऱ्हाइताच्या नुकसानीचा भाग असतो. पण हादऱ्यांमुळे किंवा आधार निघाल्यामुळे झालेलं नुकसान सहसा वगळलेलं असतं. ते वेगळं जोडून घ्यावं लागतं. म्हणून "विमा आहे" यावर थांबू नका, पॉलिसीची प्रत मागा.

इंग्लंडमध्ये १९९६ च्या सामाईक भिंत कायद्याने शेजारी काम सुरू होण्याआधीच तारण मागू शकतो. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही, म्हणून लेखी करारच कामाला येतो.

आपण काय करावं?

१. खोदकामाआधी प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो, व्हिडिओ काढा. जमल्यास स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल घ्या.
२. दुरुस्ती कोण करणार, घर सोडावं लागलं तर भाडं कोण देणार, अनामत किंवा बँक गॅरंटी किती, हे करारात लिहून घ्या.
३. तडा दिसताच बिल्डरला लेखी कळवा आणि महापालिकेच्या नगररचना विभागात अर्ज देऊन पोच घ्या.
४. धोका वाढत असेल तर दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मागता येतो. भरपाईच्या दाव्याला मुदत असते, वकिलाला लवकर भेटा.
५. भाडेकरूंनीही भाडेपावत्या आणि सामानाचे फोटो जपून ठेवावेत.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

बिल्डर पुष्कळदा ओळखीतलाच, मोहल्ल्यातलाच असतो. तरी तोंडी शब्दावर राहू नका. लिहून घेतलं की दोघांचाही हक्क सांभाळला जातो आणि शेजारधर्मही टिकतो.