गढूळ पाणी काय सांगते?

काचेचे दोन पेले घ्या. दोन्हींत पाणी भरून चमचाभर बारीक काळी माती टाका. एकात अगदी चिमूटभर धुण्याचा सोडा घाला, दुसऱ्यात अर्धा चमचा जिप्समची पूड. ढवळा आणि ठेवून द्या. जिप्समचा पेला लवकरच निवळू लागेल. सोड्याचा मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसेल. माती तीच, मग हा फरक का?

मातीत वाळू, पोयटा व चिकणमाती असे लहानमोठे कण असतात. त्यांच्या परस्पर प्रमाणास मातीचा पोत म्हणतात. वाळूचे कण जड. त्यांतून पाणी झटकन मुरते. चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही लहान, पण एकमेकांना धरून राहणारे. पोयट्याचा कण ना तितका जड, ना तितका चिकट. म्हणून वाहत्या पाण्याबरोबर तो सहज जातो.

आता चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियमच्या आयनावर दोन धनभार असल्याने तो हे कण जवळ बांधून ठेवतो. सोडियमच्या आयनावर भार एकच, शिवाय त्याच्याभोवती पाण्याच्या रेणूंचे वेष्टन. त्याची पकड ढिली पडते व कण सुटे होतात.

शेतात हेच घडते. विहिरीचे मचूळ पाणी वर्षानुवर्षे दिले, की मातीत सोडियम साठतो. गंमत अशी, की पाण्यात क्षार भरपूर असेपर्यंत कण एकत्र राहतात. मग पावसाचे शुद्ध पाणी येते, मोकळे क्षार धुऊन नेते, पण कणांना चिकटलेला सोडियम तेथेच राहतो. कण सुटतात, छिद्रे बुजतात, जमिनीवर पापुद्रा धरतो. मग पाणी मुरणार कोठून? ते उतारावरून धावते आणि माती घेऊन जाते. अशा जमिनीस आपले शेतकरी चोपण म्हणतात. नीरा व प्रवरा कालव्यांच्या परिसरात, तसेच सांगलीकडे कृष्णाकाठी, काळ्या जमिनीला क्षारांनी ग्रासले आहे.

यावर उपाय आहे. पाणी व माती तपासून घ्यावी, जरूर तेवढे जिप्सम घालावे आणि सुटलेला सोडियम वाहून जावा म्हणून चर खणून निचरा करावा. नुसते जिप्सम टाकून भागत नाही.

बोटभर जाडीची माती तयार होण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. यंदा पहिल्या पावसानंतर शेताच्या बांधावर जा. बाहेर पडणारे पाणी पेल्यात धरा आणि किती वेळात निवळते ते पाहा. तुमच्या मातीची तब्येत ते पाणीच सांगेल.