जावाशी ओळख : उरलेला एंटर

गेल्या आठवड्यातला व्हाइल लूप आज कामाला लावू. समोरच्याला वय विचारायचं, मग नाव, आणि नावाच्या जागी ‘बंद’ आलं की थांबायचं. प्रोग्राम एवढाच, पण नवशिक्यांची पहिली खरी झटापट इथेच होते.

कीबोर्डवरून आलेली अक्षरं ‘सिस्टिम.इन’मधून मिळतात. ती वाचायला पूर्वी बफर्डरीडरची दुहेरी जुळवाजुळव करावी लागे. २००४ साली जावा ५ मध्ये स्कॅनर आला आणि काम सोपं झालं. निदान दिसायला तरी.

वयासाठी ‘नेक्स्टइंट’ आणि नावासाठी ‘नेक्स्टलाइन’ लिहून पाहा. २५ टाइप करून एंटर दाबलंत, की प्रोग्राम नावासाठी थांबतच नाही. नाव रिकामं ठेवून सरळ पुढे निघून जातो. कारण तुम्ही फक्त २ आणि ५ पाठवले नव्हते, त्यांच्यामागे एंटरही गेला होता. नेक्स्टइंट आकडा उचलतो आणि एंटरला हात लावत नाही. नेक्स्टलाइनचं काम मात्र पुढच्या एंटरपर्यंतचं सगळं वाचायचं. त्याला एंटर दारातच भेटतो, त्याआधी काहीच नसतं, म्हणून तो रिकामी ओळ परत करतो. दोघंही आपापलं काम चोख करतात. गोंधळ होतो तो दोघांना एकत्र वापरल्यामुळे.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे मध्ये आणखी एक नेक्स्टलाइन टाकून तो एंटर गिळायचा. चालतो, पण मला पटत नाही. उद्या वयाचा प्रश्न काढून टाकलात, तर तीच जादा ओळ खरं नाव गिळेल. त्यापेक्षा प्रत्येक वेळी अख्खी ओळ वाचा आणि आकडा हवा असेल तिथे ‘इंटिजर.पार्सइंट’ वापरा. (गंमत म्हणजे टर्मिनलने अक्षरं नीट पोचवली, तर पार्सइंटला देवनागरी २५ सुद्धा कळतात.)

या पद्धतीचा दुसरा फायदा कुणी ‘पंचवीस’ असं अक्षरी लिहिलं की दिसतो. नेक्स्टइंट एक्सेप्शन फेकतो, पण तो शब्द न उचलता तिथेच ठेवतो. तुम्ही लूपमध्ये ट्राय-कॅच लावून ‘पुन्हा लिहा’ म्हणता, आणि तो पुन्हा तोच शब्द वाचतो. स्क्रीनभर ‘पुन्हा लिहा’चा पाऊस पडतो. कंट्रोल-सी दाबल्याशिवाय सुटका नाही. ओळ आधीच वाचून घेतलेली असली की हा प्रश्नच उरत नाही.

आता थांबण्याचं. ‘बंद’ तपासताना दोन बरोबरची चिन्हं वापरू नका. ती मजकूर ताडत नाहीत, दोन्हीकडे तीच वस्तू आहे का एवढंच पाहतात, त्यामुळे लूप चालूच राहतो. ‘इक्वल्स’ वापरा, आणि त्याआधी ‘ट्रिम’ करून कडेच्या मोकळ्या जागा काढा.

मग ‘सिस्टिम.एक्झिट(०)’? इथे नको. तो अख्खं जावा यंत्रच बंद करतो. पुढच्या ओळी सोडाच, फायनलीसुद्धा चालत नाही. लूप संपला की मेन संपतं आणि आपला प्रोग्राम आपसूक थांबतो. एक्झिट खरा उपयोगी पडतो तो दुसरी एखादी स्क्रिप्ट आपला प्रोग्राम चालवत असेल तेव्हा. काम फत्ते झालं तर शून्य आणि बिघडलं तर दुसरा आकडा, हा संकेत तिला कळतो.

स्कॅनर मात्र संपूर्ण प्रोग्रामला एकच ठेवा. तो बंद केला की सिस्टिम.इनही बंद होतं आणि नंतर बनवलेल्या नव्या स्कॅनरला वाचायला काही मिळत नाही.